दाराबाहेर चपला काढण्याआधी : स्मृतिभ्रंशाच्या घरांत पहिल्यांदा संशोधनाला जाणाऱ्यांसाठी

कॉलेजं सुरू झाली की दरवर्षी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. समाजकार्याची, नर्सिंगची, नाहीतर मानसशास्त्राची विद्यार्थिनी असते. "ताई, डिमेन्शियाच्या केअरगिव्हर्सवर प्रोजेक्ट करायचाय. कुटुंबं मिळतील का?" मी विचारते, नेमकं काय शोधायचंय? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : "त्यांना येणारा ताण." ताण येतो हे गिरगावातल्या कुठल्याही सुनेला माहीत आहे, त्यासाठी वीस घरांचे दरवाजे वाजवायची गरज नाही. पण त्या मुलीची कळकळ खरी असते. बऱ्याचदा तिच्या घरातली आजी किंवा काका असे गेलेले असतात. म्हणून मी फोन ठेवत नाही आणि पुढचं सगळं सांगत बसते. तेच इथे एकदा सलग लिहिते आहे. घरांविषयी जे लिहिलंय ते खरं आहे. ती घरं ओळखू येऊ नयेत इतके तपशील मात्र बदलले आहेत.

आपण नेमकं कशाचा अभ्यास करतोय?

डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान डॉक्टर करतात आणि गोळ्याही तेच देतात. वर्षातून तीन-चार वेळा ओपीडीत नंबर लागतो आणि दहा मिनिटांत बाहेर. बाकीचं अख्खं वर्ष घरात जातं. अंघोळ कोण घालतं? बाथरूमची कडी आतून लागली तर काय करतात? नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत कोण घेऊन जातं? रात्री दोन वाजता आजोबा "पाळीला जायचंय" म्हणून दार उघडायला लागले की जाग कुणाला येते, आणि तो माणूस सकाळी ७.१२ची लोकल कसा पकडतो? याला सामाजिक काळजी म्हणायचं.

इंग्लंडमध्ये या कामाला वेगळं खातं आहे. तिथल्या २०१४च्या केअर अ‍ॅक्टनुसार, घरी कुणाची निगा राखणाऱ्या माणसाला स्वतःला मदतीची गरज दिसत असेल, तर ती किती हे तपासणं स्थानिक पालिकेवर बंधनकारक आहे. आपल्याकडे २००७चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे, पण तो मुलांवर जबाबदारी टाकतो. त्या मुलांची रात्रीची झोप कुठे जाते, हे विचारणारं कुणी नाही. म्हणून आपल्याकडे या विषयाचा अभ्यास करायचा तर तो स्वयंपाकघरात आणि चाळीच्या गॅलरीत बसूनच करावा लागतो.

पहिली पायरी : प्रश्न लहान करा

प्रश्न ठरवण्याआधी पंधरा दिवस काहीही विचारू नका, नुसत्या बसा. एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या मेंदूविकार किंवा मनोविकार ओपीडीबाहेरच्या बाकावर परवानगी घेऊन बसा. ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर बसा. एखाद्या डे-केअर केंद्रात स्वयंसेवक म्हणून भाजी निवडायला बसा. बाकावर शेजारी बसलेली बाई आपणहून जे बोलते, त्यातून प्रश्न सापडतो.

"केअरगिव्हर्सचा ताण" हा प्रश्न नव्हे, तो विषय झाला. प्रश्न असा असतो : आया पुरवणाऱ्या ब्युरोची बाई न सांगता आली नाही, त्या दिवशी घरात काय काय बदलतं? मुलगी विरारला आणि आई गिरगावात असेल तर काळजी घेण्याचं काम कुणाकुणात कसं वाटलं जातं? नवरा बायकोची काळजी घेत असेल तर तिला साडी नेसवायला तो कुणाकडून शिकतो, की तिचा गाऊनच कायमचा होतो?

मुंबईचा म्हणून एक प्रश्न मला फार दिवस छळतो आहे. तो पुनर्विकासाचा. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सगळ्यांचा मिळून. बाहेरून पाहणाऱ्याला ती अडचण वाटते. पण पन्नास वर्षं तिथे राहिलेल्या आजीला अंधारातही पावलं मोजून संडासापर्यंत जाता येतं, आणि वाट चुकली तर पलीकडच्या खोलीतलं कुणीतरी हाताला धरून परत आणून सोडतं. तीच आजी इमारत पाडायला घेतल्यावर भाड्याच्या बंद दाराच्या फ्लॅटमध्ये जाते आणि आठवड्याभरात घरच्यांना वाटतं, हिचा आजार अचानक वाढला. आजार वाढला की तिचा चाळीचा आधार गेला? यावर नीट अभ्यास व्हायला हवा आणि तो मुंबईच्या मुलामुलींनीच करायला हवा.

दुसरी पायरी : थोडं वाचा, पण नीट वाचा

शंभर शोधनिबंध डाउनलोड करून ठेवण्यापेक्षा तीन-चार मन लावून वाचा.

१९९८ मध्ये कोचीनला भरलेल्या परिषदेत '१०/६६' नावाचा संशोधनगट सुरू झाला. त्या नावातच सगळं गाऱ्हाणं आहे. तेव्हाच्या हिशेबाने डिमेन्शिया असलेल्यांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे ६६ टक्के माणसं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होती, आणि त्या देशांतल्या लोकसंख्येवर होणारं संशोधन जगातल्या एकूण संशोधनाच्या १० टक्केही नव्हतं. भारताचा आकडा हवा असेल तर ४५ वर्षांवरच्यांच्या 'लासी' या देशव्यापी पाहणीला जोडून झालेला 'लासी-डॅड' अभ्यास पाहा. त्याच्या २०२३ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षानुसार ६० वर्षांवरच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत ते पुरुषांपेक्षा जास्त आहे. मूळ लासी पाहणीचं काम आपल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने सांभाळलं आहे, तेव्हा तिथल्या लोकांशी बोलता आलं तर संधी सोडू नका.

आपल्या सर्वांत जवळचा अभ्यास गोव्याचा, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला. ८१ कुटुंबं. स्थानिक भाषा बोलणारे, डॉक्टर नसलेले सल्लागार प्रशिक्षण घेऊन सहा महिने घरी जात राहिले. आजार समजावून सांगायचा, चिडचिड कशी हाताळायची ते दाखवायचं, घरातल्या इतरांना कामात ओढायचं. काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. मात्र 'ओझं' मोजणाऱ्या प्रश्नावलीवरचा फरक इतका स्पष्ट नव्हता. हे वाचून थांबा आणि विचार करा, असं का झालं असेल? त्याचं माझं उत्तर पुढे प्रश्नावलीच्या भागात येईल.

लंडन परिसरात झालेला 'स्टार्ट' हा अभ्यासही वाचा. त्यात २६० काळजीवाहक होते. नुकतीच मानसशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलामुलींनी प्रत्येकाबरोबर आठ बैठका घेतल्या आणि त्या माणसांमधलं नैराश्य आणि चिंता कमी झाली. पदवी घेऊन नुकतेच बाहेर पडलेले, म्हणजे तुमच्याच वयाचे. आपण काय करू शकणार, असं वाटेल तेव्हा हा अभ्यास आठवा.

तिसरी पायरी : परवानगी, आणि खरी परवानगी

संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकाही घरात वही उघडू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं वाचून अर्ज करा. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम ९९ संशोधनातल्या संमतीविषयी आहे, तेही समितीसमोर ठेवा. मंजुरीला महिने लागतात, म्हणून वेळापत्रक त्या हिशेबाने करा. कागदाचं एवढं पुरे.

खरी परवानगी मात्र घरात मिळते, आणि नवखे सगळ्यात जास्त तिथेच चुकतात. दार मुलगा उघडतो. आपण त्याला माहितीपत्रक देतो, तो सही करतो आणि मुलाखत सुरू होते. खुर्चीत बसलेल्या आजींशी अर्धा तास कुणी बोललेलंच नसतं. अभ्यास त्यांच्यावर आणि त्या तिथेच हजर.

पहिला नमस्कार आजींना करा. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. मी कोण, कशाला आले, हे तीन वाक्यांत सांगा : "आजी, मी कॉलेजातून आलेय. तुमच्या घरी दिवस कसा जातो ते विचारायचंय. चालेल का?" मग थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे माणसाची निर्णय घ्यायची कुवत संपली, असं नसतं. सकाळी ज्यांना नीट कळतं त्यांना संध्याकाळी कळेलच असं नाही. पैशांचा व्यवहार ज्यांना जमत नाही, त्यांना 'या मुलीशी बोलायचंय की नाही' हे ठरवता येतं. सांगितलेलं त्यांना समजलं का, थोडा वेळ लक्षात राहिलं का, आपल्या शब्दांत सांगता येतं का, एवढं पाहा. जमत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून घरच्यांची सही घ्या. पण तरीही आजींची मान्यता लागतेच.

आणि ती दर भेटीत, किंबहुना दर पंधरा मिनिटांनी नव्याने लागते. तोंड फिरवणं, पदर बोटांभोवती गुंडाळत राहणं, उठून आत जाणं, "तुला घरी जायचं नाही का गं?" असं विचारणं, हे सगळं 'नको' आहे. असं 'नको' दिसलं की वही मिटायची. मुलगा म्हणेल, "विचारा हो, आई अशीच आहे." तरी मिटायची.

चौथी पायरी : घरं सापडायची कशी

फक्त रुग्णालयातून कुटुंबं घेतलीत तर फक्त रुग्णालयापर्यंत पोचलेली कुटुंबं मिळतील. ज्या घरात "वय झालं, आता असंच चालायचं" म्हणून कुणी डॉक्टरकडे गेलंच नाही, ती घरं निसटतात. त्यात बायका जास्त असतात, कारण आजोबांचा विसराळूपणा बँकेत उघडा पडतो आणि आजींचा स्वयंपाकघरातच झाकला जातो. मीठ दोनदा पडलं की सून गपचूप आमटी बदलते.

म्हणून डिमेन्शिया हा शब्द घेऊन फिरू नका. स्मृतिभ्रंश हाही बऱ्याच जणांना पुस्तकी वाटतो. लोकांच्या तोंडी "विसरतात", "भ्रमिष्टासारखं करतात", "म्हातारचळ लागलाय", "एकच गोष्ट दहादा विचारतात" असं असतं. यातले काही शब्द बोचरे आहेत. तुम्ही ते वापरू नका, पण ऐकलेत की दुरुस्त करायलाही जाऊ नका, वहीत लिहून घ्या. पत्रकावर मी एवढंच लिहिते : 'घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला अलीकडे फार विसरायला होतंय का? रोजची कामं जमेनाशी झालीत का?'

कुठे विचारायचं? मोठ्यांचे डायपर विकणारा गल्लीतला केमिस्ट. ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस. पालिकेच्या दवाखान्यातल्या आरोग्यसेविका. आया पुरवणारे ब्युरो. सोसायटीचा वॉचमन, कारण भटकत निघालेल्या आजोबांना फाटकातून परत आणणारा तोच असतो. मात्र यातल्या कुणाकडूनही नाव-नंबर घ्यायचा नाही. आपलं पत्रक त्यांच्याकडे ठेवायचं आणि कुटुंबाला वाटलं तर कुटुंबाने फोन करायचा. वेळ लागतो. पण केमिस्टने परस्पर नंबर दिला हे एकदा कळलं, की त्या घराचा दरवाजा कायमचा बंद होतो.

पाचवी पायरी : प्रश्नावली, आणि तिच्यात न मावणारं

काळजी घेणाऱ्यावरचा भार मोजायला 'झरिट' नावाची मापनपट्टी जगभर वापरतात. २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८८. इंग्रजी प्रश्न उचलून मराठीत टाकले असं करू नका. वापरायची रीतसर परवानगी घ्या, आधी झालेला अनुवाद मिळतो का पाहा. नसेल तर एकाने मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि मग दोन्ही समोर ठेवून भांडायचं. शेवटी ते पाच-सहा काळजी घेणाऱ्यांना वाचून दाखवायचं. "तुम्हाला त्यांचं ओझं वाटतं का?" हा प्रश्न मराठीत जवळजवळ आरोप होतो. आईचं ओझं वाटतं असं कोण म्हणेल, तेही परक्या मुलीसमोर?

एक घर सांगते. मध्य मुंबईतली जुनी इमारत, दुसरा मजला. बसवर कंडक्टरकी करून निवृत्त झालेले काका, आजार काकूंना. मी झरिटचे प्रश्न विचारत गेले आणि काका उत्तर देत गेले : "नाही." "छे." "त्यात काय त्रास?" बेरीज अकरा. कागदावर जवळजवळ काहीच भार नाही. मी वही मिटत होते, तेवढ्यात सहज विचारलं, "काका, काल सकाळी कितीला उठलात?"

साडेचारला, नळाला पाणी येतं म्हणून. पाणी भरताना काकू उठू नयेत म्हणून बादलीखाली फडकं ठेवतात, आवाज होत नाही. सहाला काकूंना उठवायचं, त्याला अर्धा तास लागतो, कारण रोज सकाळी काका कोण आहेत हे आधी सांगावं लागतं. दात घासून देताना त्या ब्रश चावतात, म्हणून आता बोटाने. अंघोळीला पाऊण तास. कधी कधी काकू म्हणतात, "माझे मालक यायच्या आत तुम्ही निघा." मग काका चपला घालून जिन्यापर्यंत जातात, दोन मिनिटं थांबतात, परत येऊन बेल वाजवतात आणि "आलो गं ड्युटीवरून" म्हणतात. ते हे सांगत होते तेव्हा त्यांच्या बोटांत माझं पेन होतं आणि ते त्याचं टोपण काढत-घालत होते. रात्री काकू तीनदा उठतात. दाराच्या कडीला त्यांनी बसची जुनी घंटी बांधली आहे. सगळे तास मांडले तेव्हा आदल्या दिवसाचे साडेअठरा तास भरले. आणि भार अकरा.

गोव्याच्या अभ्यासातल्या त्या प्रश्नाला माझं उत्तर तेव्हापासून हे आहे : आपल्याकडे 'ओझं' विचारलं की माणूस नातं सांगतो. म्हणून तास विचारा. 'आरयूडी' नावाची एक प्रश्नावली नेमकं हेच करते. गेल्या तीस दिवसांतल्या एखाद्या सर्वसाधारण दिवशी अंघोळ-जेवण-संडास यात किती वेळ गेला, स्वयंपाक-औषधं-बँक यात किती आणि नुसतं लक्ष ठेवण्यात किती. मी त्यात मुंबईची म्हणून एक ओळ घालते : प्रवास. विरारहून आईकडे येणाऱ्या मुलीचे जाण्यायेण्याचे साडेतीन तास कुठल्याच रकान्यात बसत नाहीत आणि तिची कंबर तर त्यातच मोडते. 'काल'पासून सुरुवात करा, पहाटेपासून पुढे या. माणसं भावनांविषयी चाचरतात, पण कालचा दिवस सांगताना त्यांना अडखळावं लागत नाही.

ज्यांना आजार आहे त्यांच्या स्मृतीची चाचणी घेणं तुमच्या अभ्यासाला खरंच लागतं का, ते दोनदा तपासा. नेहमीची ३० गुणांची चाचणी वाचणं, लिहिणं, आकृती काढणं मागते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजी त्यात नापास झाल्या तर ते आजाराचं मोजमाप नाही, १९५०च्या दशकात मुलींना शाळेत न घालण्याचं आहे. मी भेटलेल्या एका आजींना तारीख आणि साल सांगता आलं नाही, पण "आज संकष्टी, चंद्रोदय उशिरा आहे, मी जेवणार नाही" हे अचूक सांगितलं. शिवाय चाचणी म्हणजे नातवंडांसमोर हरणं. निदानाचा कागद हातात असेल तर त्यावर भागवा.

सहावी पायरी : प्रत्यक्ष भेट

वेळ सगळ्यात महत्त्वाची. पाण्याची वेळ टाळा, ती प्रत्येक विभागात वेगळी असते, विचारून घ्या. दुपारी दोन ते चार ही काळजी घेणाऱ्या बाईची पाठ टेकायची एकमेव वेळ असते, ती घेऊ नका. सकाळी अकरा ते साडेबारा बरं पडतं : अंघोळी आटोपलेल्या असतात, माणूस ताजातवाना असतो.

दिवेलागणीला तर अजिबात जाऊ नका. मी पहिल्याच वर्षी ही चूक केली. शेवटची लोकल गाठता येईल एवढाच हिशेब करून संध्याकाळी साडेपाचला परळच्या एका घरी गेले. आजी आधी छान बोलल्या. उजेड कमी व्हायला लागला तशा त्या उठल्या आणि एका पिशवीत टॉवेल, कुंकवाचा करंडा आणि रेशनकार्ड भरून दारात उभ्या राहिल्या. "संध्याकाळ झाली. मला माझ्या घरी सोडा." घर पुनर्विकासात पाडलेलं. सूनबाई रोज त्यांना असंच अर्धा तास समजवायच्या, पण त्या दिवशी माझ्यामुळे तो अर्धा तास दीड तासावर गेला, कारण आजींना वाटत होतं मीच त्यांना न्यायला आले आहे. मी आपली पर्स घेऊन दाराकडे वळले आणि त्या माझ्यामागे निघाल्या. शेवटी सून म्हणाली, "ताई, तुम्ही आधी आत जाऊन बसा, त्यांना दिसू नका." मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. बाहेर ती बाई दिवा लावत होती, शुभंकरोती म्हणत होती, आणि आजी हळूहळू तिच्या सुरात सूर मिसळत होत्या. माझ्या प्रश्नावलीने त्या घराची एक संध्याकाळ खाल्ली. त्यानंतर मी साडेचारनंतर कुणाच्याही घरी गेलेली नाही.

बाकी बारीकसारीक. दिवसाला एकच घर, फार तर दोन. रेकॉर्डर लावताना दोघांनाही दाखवून लावा, काहींना ते छोटं यंत्र पाहून पोलिसाची भीती वाटते. वर्तमानकाळ बोला : "आठवतं का?" हा प्रश्न शक्यतो टाळा, त्याऐवजी "तुम्हाला चहा कसा आवडतो?", "हे लुगडं कुठलं?" असं विचारा. त्यांनी सांगितलेलं चूक असेल तर घरच्यांसमोर खोडू नका. चहा आणला तर प्या, पण आणायला लावू नका. पाण्याची बाटली बरोबर ठेवा. पाऊण तास झाला की उठा, गप्पा रंगल्या तरी.

सातवी पायरी : प्रत्येकाला एकटं भेटा

सून सासूसमोर काय बोलणार? १८० चौरस फुटांच्या खोलीत एकांत नसतो, तो जिन्यात, गॅलरीच्या टोकाला, नाहीतर भाजी आणायला जाताना मिळतो. मला सगळ्यात खरं असं जे कळलं, ते भाजीवाल्यासमोर उभं राहून. मात्र तसं बोलणं नोंदवण्याआधी पुन्हा विचारा : "हे लिहिलं तर चालेल?"

ब्युरोच्या मावशींना विसरू नका. बारा तासांच्या पाळीत डायपर बदलणाऱ्या, चमच्याने पेज भरवणाऱ्या त्याच असतात आणि 'काळजीवाहक' म्हणून बहुतेक अभ्यासांत त्यांची गणतीच होत नाही. त्यांची मुलाखत त्या घरात आणि पाळीच्या वेळेत घेऊ नका, नोकरी जाईल. स्टेशनवर, पाळी संपल्यावर भेटा आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. अर्ज करतानाच बजेटमध्ये ते धरा. त्यांच्या घरी वाट पाहणारं लहान मूल असतं, आणि बऱ्याचदा एक म्हातारी सासूही.

कधीतरी असं काही दिसेल

दंडावर काळनिळं. कॉटच्या पायाला बांधलेली साडीची दोरी. "कधी कधी वाटतं दोघींनी एकदमच जावं" असं हसत म्हटलेलं वाक्य. असं दिसल्यावर काय करायचं हे त्या क्षणी सुचत नाही, म्हणून घरी जाण्याआधी ठरलेलं हवं : कुठल्या मार्गदर्शकाला त्याच दिवशी फोन करायचा, गुप्तता कुठे संपते, आणि ते संमतिपत्रात आधीच साध्या शब्दांत सांगितलेलं हवं. साडीची दोरी बहुतेक वेळा क्रूरपणाची नसते. स्वयंपाक करताना आई गॅसपाशी येऊ नये म्हणून एकट्या पडलेल्या मुलीने शोधलेला तो उपाय असतो. आरडाओरडा करू नका, पण सोडूनही देऊ नका. जीव द्यायची भाषा ऐकलीत तर तिथून निघायची घाई करू नका, थेट विचारा आणि मदत जोडून द्या. मानसिक आरोग्याच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६, ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनचा १४५६७ आणि तातडीचा ११२ हे तिन्ही नंबर मोठ्या अक्षरांत छापलेला कागद प्रत्येक घरी ठेवून या. नुसता देऊ नका, फ्रिजवर किंवा देवघराशेजारी लावून द्या.

स्वतःचंही सांभाळा. मुलाखतीनंतर लगेच लोकलच्या गर्दीत शिरू नका, दहा मिनिटं फलाटावर बसा. आठवड्यातून एकदा कुणाशी तरी बोलायची वेळ ठरलेली असू द्या.

आठवी पायरी : लिहिणं, आणि परत जाणं

मुलाखती मराठीतच उतरवा आणि विश्लेषण संपेपर्यंत मराठीतच ठेवा. "आता तीच माझं लेकरू झालीय" याचं इंग्रजी केलंत की त्यातला थकवाही जातो आणि मायाही. नावं बदलून भागत नाही. चाळीत "तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर" एवढ्यावर अख्खी इमारत ओळखते. मजला, नोकरी, मुलांची संख्या, सगळं हलवा. रेकॉर्डिंग कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, मग ते कुठेही जातं.

निष्कर्ष हाती आले की एका पानावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा आणि ज्यांनी वेळ दिला त्यांच्याकडे घेऊन जा. मी काकांकडे तसं पान घेऊन गेले होते. तासांचा तक्ता त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे पोराला दाखवतो. त्याला वाटतं मी दिवसभर टीव्ही बघतो." पुढच्या महिन्यापासून मुलगा रविवारी दिवसभर थांबायला लागला.

जाण्याआधी फोन मात्र जरूर करा. मधल्या काळात वर्ष उलटून गेलेलं असतं. फोनवर "आई गेली हो, श्रावणात" असं ऐकू आलं, तर निष्कर्षांचं पान घरीच ठेवा, वही-रेकॉर्डर घेऊ नका, आणि एकदा जाऊन या. बसा. काळजी घेणारी ती बाई पहाटे साडेचारला अजूनही उठते का, ते विचारा.